आधी म्हणणं, मग पेढा

भापकर नाना नोकरीचा पेढा लगेच खात नाहीत. हातात घेतात, वास घेतात, टेबलावर ठेवतात आणि म्हणतात, "आदेश दाखवा."

सावेडीतल्या आमच्या कॉलनीत कुणाला सरकारी नोकरी लागली की पहिला पेढा गणपतीला आणि दुसरा नानांना. गणपती निमूट घेतो, नाना घेत नाहीत. "पेढा पोटात गेला की मानूस मिंधा झाला. मिंधा मानूस काय मागनार?" हे त्यांचं शास्त्र. आधी उमेदवाराचं म्हणणं साहेबांपर्यंत पोचायचं, त्याचा निकाल लागायचा, मगच पेढा. तोवर तो नियुक्तीच्या आदेशावर वजन म्हणून बसून राहतो. एका तलाठ्याचा पेढा असा एकोणीस दिवस बसला होता. शेवटी नानांनी तो अडकित्त्याने फोडला, पण तलाठ्याची जुन्या नोकरीतली वर्षं नव्या पगारात धरली गेली.

मी गेली बारा वर्षं नानांच्या खालच्या मजल्यावर राहतो, आणि मान वर करूनच राहतो. आपल्यासारखी माणसं सरकारी आदेश आला की डोळ्यांना लावतात. नाना तो भिंगाखाली धरतात. आयुष्यभर एका खात्यात दुसऱ्यांच्या नेमणुकांच्या फायली सांभाळलेला हा माणूस. कुठल्या ओळीत सरकार ठाम आहे आणि कुठल्या ओळीत उगाच आवाज चढवतंय, हे त्यांना नुसत्या वाचनाने कळतं.

"मूळ पगार सरकार ठरवतं, तिथं कुनाचं चालत न्हाई," ते समजावतात. "पन आधीची नोकरी धरनार का, रुजू कधी व्हायचं, खुर्ची कुठं, हे बोलायचं असतंय. आन् रुजू व्हायच्या आधी. नंतर नुसत्या सह्या."

यंदा त्यांच्या टेबलावर माझ्या पुतणीचा, शुभांगीचा पेढा आला. शुभांगी तीन वर्षं नगरला एका सरकारी कार्यालयात लिपिक होती. परीक्षा देऊन दुसऱ्या खात्यात वरच्या जागेवर निवडली गेली. नेमणूक मिळाली पार सातपुड्यात, धडगावला. नवरा नानांच्याच गावी, मिरजगावला शाळेत शिक्षक, मुलगी दोन वर्षांची. माझा भाऊ म्हणाला, "गप रुजू हो. तोंड उघडलंस तर हातातली पण काढून घेतील." खरं सांगायचं तर मलाही तसंच वाटत होतं.

नानांनी आदेश दोनदा वाचला, त्यावर पेढा ठेवला आणि शुभांगीला म्हणाले, "उद्यापासून गच्चीवर ये."

गच्चीवर जे चाललं ते मी पाण्याची टाकी बघायच्या निमित्ताने रोज पाहिलं. प्लॅस्टिकची खुर्ची, समोर टेबल. नानांनी खुर्चीच्या पाठीवर पांढरा टॉवेल टाकला आणि त्या क्षणी नाना साहेब झाले! भाषा बदलली, हनुवटी बदलली. पोटसुद्धा थोडं पुढे आल्यासारखं मला वाटलं.

"बोला. काय काम आहे?"

"सर, मला जरा विनंती करायची होती, म्हणजे जमलं तर..."

"बाहेर!" खुर्चीतून उठून नाना परत मिरजगावचे झाले. "जमलं तर? अगं, तूच साहेबाला उत्तर शिकवतीस व्हय? एक वाक्य बोलायचं. त्यात काय पायजे ते, आन् का पायजे ते. मग तोंड बंद. खालच्या फरशा मोजायच्या."

"किती मोजायच्या?"

"साहेब बोलंस्तवर. पहिला जो बोलंल तो खाली येतो."

चौथ्या दिवशी शुभांगी तयार झाली. एका वाक्यात दोन्ही गोष्टी मागितल्या: जुनी तीन वर्षं पगारात धरा आणि नवऱ्याजवळ नेमणूक द्या. टॉवेलवाले साहेब बराच वेळ कागद चाळत राहिले. मग म्हणाले, "वर्षं धरतो. धडगावला जा."

शुभांगीने क्षणभर विचार केला. "चालेल सर."

नानांनी खुर्चीवरचा टॉवेल काढला. त्याची घडी घातली, उलगडली, परत घातली. "पोरी," ते हळू म्हणाले, "पगार मागंपुढं हुतो. घर न्हाई हुत." आणि त्या दिवशीची शिकवणी संपली.

दुसऱ्या दिवशी नाना पहाटेच्या एसटीने कुठेतरी गेले ते तिन्हीसांजेला परतले. जिन्यातच मला म्हणाले, "काय शेजारी, कर्जतला खुर्ची मोकळी हाय. सोता बघून आलो. तिच्यावर मांजर झोपतंय." कर्जत ते मिरजगाव म्हणजे रोज जाऊन येण्याची वाट. ऐंशीकडे झुकलेला माणूस एक खुर्ची रिकामी आहे का बघायला एसटीने गेला होता! मी जिन्यातच त्यांना नमस्कार केला.

शुभांगी शुक्रवारी नाशिकच्या कार्यालयात साहेबांना भेटली आणि रविवारी दुपारी नानांकडे आली. मागोमाग मी.

"वाक्य बोलले आणि फरशा मोजायला लागले, नाना. एकतीस झाल्या. साहेबांनी चष्मा काढला. म्हणाले, कर्जतची जागा रिकामी आहे हे तुम्हाला कुणी सांगितलं? मी म्हटलं, सर, तिथे मांजर झोपतं. ते असे हसले!"

"आन् मग?"

"कर्जत दिलं. तीन वर्षांचा प्रस्ताव वर पाठवलाय. काय होईल सांगता येत नाही म्हणाले."

नानांनी पेढा उचलला. मला वाटलं, आता खाणार. पण तो हातात तसाच धरून ते आतून एक पिवळा कागद घेऊन आले. त्यांच्या स्वतःच्या नेमणुकीचा. खाली एक रकाना होता, 'उमेदवाराची विनंती असल्यास'. त्यात सुंदर वळणदार अक्षरात एकच शब्द: निरंक.

"शेजारच्या बाबूनं सांगितलं, निरंक लिही, साहेबाला बरं वाटतं. ही मिरजगावच्या शाळेत मास्तरीण, मी पार तिकडं सुरगान्याला. नंतर बदली मागायला गेलो की प्रत्येक साहेब हेच पान उघडायचा. तुमचं तर काही म्हणणंच नव्हतं, म्हनायचा. सव्वीस वर्षं. शनिवारी यायचं, रविवारी चारची गाडी."

भिंतीवरच्या घड्याळात चार वाजत आले होते. स्वयंपाकघरातून काकू आल्या. हातात फडक्यात बांधलेला डबा.

"दशम्या आहेत. चटणी वेगळी बांधलीय," त्या नानांना म्हणाल्या. "बस चुकेल."

शुभांगी माझ्याकडे बघायला लागली. नानांनी आवाज खाली आणला. "रिटायर होऊन किती वर्षं झाली. तिलाबी ठाव हाय, बस न्हाई. पन रविवार आला की हिचा हात पिठात जातोच. सवय हाय. मी कसा मोडू?"

त्यांनी पेढा डब्यात ठेवला, पायांत चपला घातल्या. "येतो गं," म्हणाले आणि गच्चीचा जिना चढायला लागले. काकू दारात उभ्या राहिल्या. वळणावर नाना दिसेनासे झाले तरी त्या तिथेच होत्या.

थोड्या वेळाने वरून आवाज आला, "पोचलो गं!"

तेव्हा कुठे काकू आत गेल्या.