कपाटातला खोकला

उद्या लेक तिच्या तान्ह्या मुलीला घेऊन पहिल्यांदाच आमच्याकडे येणार, आणि आज सकाळपासून माझा घसा खवखवायला लागला. बायकोला कळलं असतं तर तिने मला नातीच्या वाऱ्यालाही उभं राहू दिलं नसतं. म्हणून मी खोकला लपवायचं ठरवलं. मागच्या खोलीत पांघरुणांचं मोठं कपाट आहे. उबळ आली की आत शिरायचं, पांघरुणात तोंड खुपसून खोकायचं आणि साळसूद चेहऱ्याने बाहेर यायचं. (ऑफिसात मला गंभीर माणूस समजतात.)

दुपारी आभाळ भरून आलं आणि वीज गेली. पंखे थांबल्यावर घर इतकं शांत झालं, की स्वतःचा श्वासही परका वाटावा. उबळ आली म्हणून मी मागच्या खोलीत गेलो, कपाटाला हात लावला आणि कपाट खोकलं.

मी तर बाहेर होतो.

पुन्हा खोकला. कोरडा, खोल. मग कुणीतरी हळूच कण्हलं. दाराच्या फटीतून ऊन श्वास माझ्या बोटांना लागला आणि अंगावर सरसरून काटा आला.

घाबरलो की माझं डोकं भलतीकडेच चालतं. माझं नाक वाहतंय, शिंका येतायत, ताप नाही, म्हणजे साधी सर्दी. आतल्याचा खोकला कोरडा, श्वास तापलेला, कण्हतोय म्हणजे अंगही ठणकत असणार. हा तर फ्लू! (भुताला औषध कोण देतं, देव जाणे.)

"कोण आहे आत?" मी कसंबसं विचारलं.

"कोणी नाही," आतून घोगरा आवाज आला.

मी खाली बसलो आणि मघापासून दाबलेली शिंक सुटली. दार करकरलं. डोक्यावरून पांघरूण घेतलेली, लाल डोळ्यांची आकृती बाहेर आली.

"अहो, शिंकताना निदान तोंड तरी झाका," ती म्हणाली.

ही आमची ही होती.

"तू इथे काय करतेस?"

"सकाळी तुम्हाला आत खोकताना ऐकलं. जागा बरी वाटली."

"मग बोलली का नाहीस?"

"बोलले असते तर माझंही उघड झालं असतं. मलाही नातीला घ्यायचंय."

"तुला फ्लू आहे, मला नुसती सर्दी," मी निकाल दिला. "नातीला मीच घेणार."

हिने मला तसंच डॉक्टरकडे नेलं. "लक्षणांवरून नुसता अंदाज बांधता येतो," डॉक्टर म्हणाले. "एकच आजार दोघांना वेगवेगळा छळतो." त्यांनी दोघांच्या नाकांत तपासणीची काडी घातली. दोघांनाही फ्लू निघाला.

लेकीने येणं पुढे ढकललं. हिचे डोळे भरून आले, मलाही फार वाईट वाटलं. निदान आवाज तरी ऐकू द्या म्हणून लेकीने बाळाच्या कानाला फोन लावला. आजीचं बोलणं ऐकून बाळ खुदकन हसलं. मग मी फोन घेतला आणि होतं नव्हतं तेवढं प्रेम गोळा करून म्हणालो, "बाळा, मी आजोबा."

पलीकडे किंकाळी उठली.

"बाबा," लेक म्हणाली, "फोन आईकडे द्या. आणि हा आवाज माणसाचाच आहे, हे बाळाला डोळ्यांनी दिसेपर्यंत इकडे फोन करू नका."