म्हात्र्यांचे चौदा प्रश्न

रमाकांत म्हात्रे यांची सायकल कुणाच्या फाटकाला टेकलेली दिसली की आमच्या पनवेलच्या आळीतले लोक रस्ता ओलांडून पलीकडच्या कडेने जायचे. पलीकडे उघडं गटार होतं. तरी लोक गटाराच्या कडेने जायचे.

सायकल हिरवी होती. मागच्या कॅरिअरला रेक्झिनची एक फुगलेली फाइल सुतळीने बांधलेली असायची. फाइलमध्ये छापील फॉर्म, फॉर्मवर चौदा प्रश्न. हे आता जाणार, असं ज्यांच्याबद्दल घरातले दबक्या आवाजात बोलायला लागलेत, अशा माणसांना म्हात्रे ते प्रश्न विचारायचे.

पहिला प्रश्न भुकेचा, दुसरा झोपेचा. इथवर कुणाची हरकत नसे. पाचवा प्रश्न असा होता: हल्ली स्वप्नात कोण येतं? हयात की मयत? सातवा: कुठे निघायचं आहे असं वाटतं का? वाटत असल्यास कुठे, आणि कशाने? अकरावा: कशाची भीती वाटते?

म्हात्रे तळोज्याच्या एका रसायनांच्या कारखान्यात तीस वर्षं क्वालिटी कंट्रोलला होते. गाव उलव्याकडचं. निवृत्त झाले त्याच वर्षी बायको गेली, मूलबाळ नव्हतं. आळीच्या टोकाच्या दोन खोल्यांत एकटे राहायचे. माणसाने उरलेल्या वेळात भाजी लावावी, देवळात बसावं. म्हात्र्यांनी संशोधन काढलं. का, असं विचारलं की एकच उत्तर मिळायचं. "माल गेटबाहेर पडतानाचं शेवटचं रीडिंग नसेल, तर आधीची सगळी रीडिंगं रद्दी."

मी तेव्हा एका दैनिकाचं रायगडचं पान बघायचो. निधनवार्ता माझ्याकडे यायच्या. त्यामुळे म्हात्रे मला धंदेबंधू समजायचे. दोन हजार सालानंतरची ती वर्षं. विमानतळ येणार, या बातमीचा मी अनेकदा मथळा केला होता आणि विमानतळ आलेला नव्हता. म्हात्रे म्हणायचे, "तुमच्या बातम्यांत एकच नक्की असते, निधनाची. पण तुमच्याकडे माल पोचतो तोवर गेट बंद झालेलं असतं. मी आधी जातो."

त्यांच्याविरुद्ध तक्रारी पुष्कळ होत्या. एकाही रोग्याने केलेली तक्रार मात्र मला आठवत नाही. तक्रारी नातेवाइकांच्या. घरातले सगळे "उद्या बरं वाटेल" म्हणत असताना हा माणूस स्टूल ओढून बसायचा आणि विचारायचा, काय वाटतंय? रोगी सांगत सुटायचे.

शेजारच्या हमीदाचाचीचे वडील जन्मभर बोटीवर कामाला होते. शेवटच्या दिवसांत ते सारखं एकच विचारायचे, लाँच लागली का. घरातले म्हणायचे, अब्बा, झोपा. म्हात्र्यांनी फाइल मिटली, एसटी स्टँडवर जाऊन चौकशी केली आणि परत येऊन मोरा बंदरातून सुटणाऱ्या लाँचचं वेळापत्रक वाचून दाखवलं.

"म्हात्रेभाई, तुमी अब्बांना टाइम कशाला सांगितला?" चाचीने नंतर विचारलं.

"विचारला म्हणून. चुकीचा सांगू काय?"

"सव्वातीनची सांगितली तुमी. ते तीनला गेले."

म्हात्र्यांनी फाइल पुन्हा उघडली. चाचीच म्हणाली, "धक्क्यावर आधी जाऊन बसायची सवय होती अब्बांना. लाँच चुकेल म्हणून घाबरायचे."

म्हात्र्यांनी तेही लिहून घेतलं.

इथवर आळीने सहन केलं होतं. सायकल दिसली की कोण जाणार ते कळायचं, आणि आपण नाही एवढं समाधान बाकीच्यांना मिळायचं. पुढे म्हात्र्यांनी कंट्रोल सुरू केला आणि ते समाधानही गेलं.

प्रयोगशाळेत नुसत्या नमुन्याला किंमत नसते, असं त्यांनी मला समजावलं. शेजारी खात्रीच्या मालाची बाटली ठेवावी लागते, ताडून बघायला. तिला कंट्रोल म्हणतात. म्हणजे प्रत्येक आजारी माणसामागे त्याच वयाचा एक धडधाकट माणूस हवा, त्यालाही तेच चौदा प्रश्न. फॉर्मच्या डोक्यावर दोन चौकटी होत्या, नमुना आणि कंट्रोल. तुमच्या फॉर्मवर खूण कुठल्या चौकटीत आहे, हे म्हात्रे सांगायचे नाहीत. "सांगितलं तर रीडिंग बिघडतं."

आळीतली साठीपुढची सगळी माणसं हादरली. निवृत्त तलाठी साळवी यांच्या फाटकाला सायकल लागली, तेव्हा त्यांनी आठवड्याभरात ईसीजी, सोनोग्राफी आणि रक्ताच्या सगळ्या तपासण्या करून घेतल्या. रिपोर्टचा गठ्ठा घेऊन ते म्हात्र्यांकडे गेले. मी तिथेच होतो.

"हे बघा. सगळं नॉर्मल. आता सांगा, मी कंट्रोल आहे की नाही?"

म्हात्र्यांनी चष्मा लावून एकेक कागद वाचला. "रिपोर्ट चांगले आहेत. पण मी रिपोर्ट विचारले नव्हते. झोप कशी आहे?"

"तुमची सायकल लागली तेव्हापासून नाही."

म्हात्र्यांनी दुसऱ्या प्रश्नासमोर तसं लिहिलं.

मग एक कंट्रोल वारला. चांगला ठणठणीत माणूस, दुपारी जेवून आडवा झाला तो उठलाच नाही. म्हात्रे आठवडाभर घराबाहेर पडले नाहीत. मी बघायला गेलो तेव्हा खिडक्या लावून बसले होते.

"खात्रीच्या बाटलीचा भरवसा नाय राहिला," ते म्हणाले. एरवी ते आमच्याशी शहरी बोलायचे. घाबरले की गावची बोली वर यायची. ते घाबरले आहेत हे मला तेव्हा कळलं नाही. संशोधनात चूक झाली म्हणून अस्वस्थ आहेत, असं मी धरून चाललो.

त्यानंतर काही महिन्यांनी आईची भूक गेली. डोळे पिवळे झाले. मी तिला मुंबईला नेलं. तपासण्या झाल्यावर डॉक्टरांनी मला एकट्याला आत बोलावलं. स्वादुपिंड, ते म्हणाले. चार महिने, फार तर सहा. बाहेर येऊन मी आईला सांगितलं की पित्ताचे खडे आहेत, औषधाने विरघळतील. खरं काय ते पनवेलात दोघांनाच ठाऊक होतं, मला आणि आमच्या फॅमिली डॉक्टरांना. घरात आम्ही दोघंच. तिला हे कळता कामा नये, एवढं एकच काम मी स्वतःकडे घेतलं होतं.

तिसऱ्या आठवड्यात, मंगळवारी सकाळी अकरा वाजता, मी बाजारातून बोंबील घेऊन येत होतो. म्हात्र्यांची सायकल आमच्या फाटकाला टेकलेली होती.

मी पिशवी हातात घेऊन रस्त्यातच उभा राहिलो. किती वेळ ते सांगता येणार नाही. आत गेलो तेव्हा आई पलंगावर उशीला टेकून बसली होती आणि म्हात्रे स्टुलावर होते.

"ये," आई म्हणाली. "भाऊजी परीक्षा घ्यायला आलेत. दार ओढून घे. पेपर फुटलेला मला चालायचा नाही."

अर्ध्या तासाने ते बाहेर आले. मी त्यांना फाटकाशी गाठलं.

"काका, डॉक्टर तुम्हाला काही बोलले का?"

"डॉक्टरांना मी कधी विचारत नाही."

"मग आईकडे कसे आलात? ती नमुना आहे की कंट्रोल?"

"सांगितलं तर रीडिंग बिघडतं."

"तिला काही ठाऊक नाही. तुमच्या तोंडून एक शब्द जरी गेला तरी..."

म्हात्र्यांनी सुतळीची गाठ मारली. "माझा फॉर्म विचारणारा आहे. सांगणारा नाही."

मी आत जाऊन आईला म्हटलं, की म्हात्र्यांना तुझ्या वयाचा एक कंट्रोल कमी पडत होता.

"हो का?" आई म्हणाली. "म्हणजे मी पास झाले म्हणायची."

मग ते दर मंगळवारी येऊ लागले. एका फॉर्मला एक बैठक पुरायची, हे मला माहीत होतं. आईकडे ते का येत राहिले, ते मला कळत नव्हतं आणि विचारायची हिंमत नव्हती. अर्धा तास मी स्वयंपाकघरात उभा असायचो. बंद दारातून आवाज यायचे, शब्द नाहीत. कधी आई हसायची. कधी काहीच ऐकू यायचं नाही, आणि ते सगळ्यात वाईट. त्या वेळात ते भीतीचा अकरावा प्रश्न विचारत असणार, असं मला वाटायचं. ते गेले की मी आईचा चेहरा निरखायचो. तो दर आठवड्याला लहान होत होता. कळल्याची खूण मला सापडत नव्हती. मुंबईहून आल्यापासूनच मी तिला भरवायला बसायचो, बोंबलाचा मधला काटा काढून घास पुढे करायचो, खड्यांविषयी काहीतरी सांगायचो. ती ऐकून घ्यायची.

एका मंगळवारी म्हात्रे बाहेर आले ते लाल झालेल्या डोळ्यांनी. माझ्याकडे न बघता सायकलवर बसले. त्यांचा पाय पेडलवरून दोनदा निसटला. यांनी सांगून टाकलं, एवढंच माझ्या मनात आलं. मी खोलीत गेलो. आई भिजवलेले वाल सोलत होती. स्वतः खाऊ शकत नव्हती, माझ्यासाठी सोलत होती.

"काय झालं काकांना?"

"काही नाही. कांदा झोंबला."

"इथे कुठे कांदा आहे?"

"होता," आई म्हणाली आणि पुढचा वाल घेतला.

चौथा महिना सरताना ती गेली. गुरुवार होता, दुपार. मी जवळ होतो. त्या सकाळीही मी तिला म्हणालो होतो, की खडे आता विरघळत आलेत. ती "बरं" म्हणाली होती. तो आमच्यातला शेवटचा शब्द.

दिवसकार्य आटोपलं, पाहुणे गेले. त्यानंतर एक दिवस म्हात्रे आले. बसले. दोन फॉर्म काढून मांडीवर ठेवले.

"घरच्यांनी मागितला तर वाचायला द्यायचा, असा माझा नियम आहे," ते म्हणाले. "तुम्ही मागितला नाही. तरी आणला."

मी हात पुढे केला नाही. चार महिने ज्या गोष्टीला भ्यालो, ती त्या कागदावर होती. तिला कळलं होतं का, कधी, आणि ती एकटी किती घाबरली. म्हात्र्यांनी त्यातला एक कागद माझ्या मांडीवर ठेवला आणि खिडकीबाहेर बघत बसले.

तारीख पहिल्या मंगळवारची होती. खूण नमुन्याच्या चौकटीत. "कोणामार्फत" या रकान्यात लिहिलं होतं: स्वतः निरोप पाठवून बोलावलं.

खाली उत्तरं, म्हात्र्यांच्या ठसठशीत अक्षरात. आजार काय आहे ठाऊक आहे का? हो. कुणी सांगितलं? कुणी नाही. मुलगा मला बोंबलाचा काटा काढून देऊ लागला तेव्हा समजले. कशाची भीती वाटते? फारशी नाही. मुलाची वाटते. त्याला मला ठाऊक असल्याचे सांगू नये. त्याला हे काम जमते आहे, करू द्यावे.

मी ते दोनदा वाचलं. एकदा पुरलं नाही.

"दुसरा," म्हात्रे म्हणाले.

दुसऱ्या फॉर्मवरचं अक्षर आईचं होतं. शाईच्या पेनाचं, थोडं उतरतं. नाव: रमाकांत म्हात्रे. खूण दोन्ही चौकटींत. त्याला तारखा बऱ्याच होत्या, सगळे मंगळवार. झोप कशी आहे? लागत नाही, दिवा चालू ठेवतात. स्वप्नात कोण येते? बायको, काचेच्या पलीकडे. आयसीयूत यांना आत सोडले नव्हते. ती ओठ हलवत होती, ऐकू आले नाही, काय म्हणाली ते अजून सांगता येत नाही म्हणतात. कशाची भीती वाटते? या प्रश्नासमोर आईने बराच वेळ घेतला असावा, शाईचा ठिपका पडला होता. एकट्याने मरायची, असं तिने लिहिलं होतं. लोकांकडे जातात ते, घाबरायला होत नाही का, असे विचारायला जातात. सगळेच घाबरायला होते असे म्हणतात, मग यांना बरे वाटते.

तळाशी निरीक्षकाच्या शेऱ्याची जागा होती. म्हात्रे ती नेहमी कोरी सोडायचे. शेरा हे मत असतं, मत रीडिंगमध्ये घेत नाहीत. आईने तिथे लिहिलं होतं: प्रकृती उत्तम. माणूस भितो. सोबत ठेवावी.

"हे तुम्ही वाचलंत?" मी विचारलं.

"वाचला."

"मग मला का दाखवलंत?"

त्यांनी दोन्ही फॉर्म फाइलमध्ये घातले, नीट कडा जुळवून. उठले, दाराशी जाऊन एका पायात चप्पल घातली. दुसरी घातली नाही.

"पुढच्या मंगळवारी येणार ना?" मी म्हणालो.

"येन." ते तसेच उभे राहिले. मग भिंतीकडे बघत म्हणाले, "आज मंगलवारच हाय."

मी कॅलेंडर बघितलं. मंगळवारच होता. अकरा वाजून दहा मिनिटं झाली होती.

"मग बसा," मी म्हणालो.