म्हातारे मोजणारे पांडूभावजी

आमचे पांडूभावजी कंपनीच्या गेटासमोर बसून म्हातारे मोजतात.

हसू नका. पेणात आमच्या आळीत कुणाला नवी नोकरी आली, की कागूद आधी भावजींकडं जातो. पगाराच्या आकड्यावर ते अंगठा ठेवतात आणि बोलतात, "पगार नको सांगू. म्हातारे किती, ते सांग."

मग टोपलीत विकायला काकड्या घेऊन निघतात. पंच्याहत्तरी झाल्यापासून एस्टी फुकट, त्यामुळं चेव आणखीच. गेटासमोर बसायचं, शिफ्ट सुटली की पिकल्या केसांचे किती बाहेर आले ते बघायचं. "जिथं माणूस म्हातारा होतो, तिथं जावं. जिथं होतच नाय, तिथली माणसं जातात कुठं?" हा त्यांचा सवाल.

म्हातारे मोजून झाले की कंपनीमागचं गटार बघायचं. एकदा वडखळच्या बाजूला एका कारखान्यामागं वाकून बसलेले, वॉचमननं धरलं.

"काय हरवलं, बाबा?"

"बेडूक."

"तुमचा हाय?"

"माझा कशाला? तुमच्याकडं असंल तर दाखवा. नसंल तर आमचा पोरगा इथं लागायचा नाय."

वॉचमननं काकड्या ठेवून घेतल्या नि हाकलून दिलं. भावजी खूश. आळीत येऊन बोलले, "त्या पाण्यात बेडूक जगत नाय, माणूस काय जगणार? नोकरी रद्द."

कोलाडच्या एका हॉटेलवाल्यानं तर त्यांनाच गल्ल्यावर बसायला बोलावलेलं. चा पिऊन परत आले. का? तर, "सगळ्या वेटरांचे शर्ट नवे. जुना माणूस टिकत नाय."

यंदा कागूद आमच्याच घरात आला. माझी लेक रंजी गणपतीच्या कारखान्यात डोळे आखते. रंग कुणीपण मारील, डोळ्याला हात थरथरला की मूर्ती गेली. पण गणपती झाले की काम पातळ, वर फंड नाय, रजा नाय. रोह्याची औषधाची कंपनी तिला पॅकिंगला घेत होती, कायम. आठ दिवसांत होय-नाय कळवायचं होतं.

रोह्याची एक कंपनी मी भोगलेली, ती आता बंद पडली. रंजी दोन वर्षांची असताना तिचा बाप मिठागर सोडून तिथं लागला. सात वर्षांत छाती गेली. आडवा झाला की गुदमरायचा, म्हणून मी त्याच्या पाठीला पाठ लावून बसायची. गेला. मग मी गणपतीची माती मळली, पोरगी वाढवली. झालं ते झालं.

भावजी तीन दिवस रोह्याला जाऊन बसले. तिन्ही दिवस माझ्या भाकऱ्या करपल्या.

"आये, एवढी कशाला भितेस गो?"

"तुझ्या हातांसाठी," मी बोलले. तिथं हात खराब झाले, तर डोळे आखायला परत कोण घेणार?

तिसऱ्या दिवशी भावजी आले. टोपली भरलेलीच.

"वैनी, अकरा म्हातारे."

"बेडूक?"

"दोन. एक तर चांगला जाडा."

"बायांचे हात बघितलात?"

"चौघींचे बघितले. पाचवीनं चप्पल काढली."

रंजी हसली. "मग जाऊ ना, काका?"

भावजी पायाच्या अंगठ्यानं जमीन उकरायला लागले. "वैनी, जा असं मी बोलणार नाय. तुमीच बोला."

मला ठाव होतं. रंजीच्या बापाला मिठागरातून त्या कंपनीत भावजींनीच नेलेलं. दोस्त होता त्यांचा. तवा त्यांनी पगार तेवढा बघितला, नि "जा" बोलले. इतक्या वर्षांत त्यावर ते बोलले नाय, मीपण नाय. पण म्हातारे मोजायला ते कधीपासून लागले, ते मी बघितलेलं. दोस्ताच्या तेराव्यानंतर.

मी बोलले, "जा गो रंजे."

आता ती कंपनीच्या बसनं जाते. मला भीती वाटते ती वाटतेच. परवा रंजी बोलली, "आये, काका रोज गेटासमोर असतात. दुसऱ्या कुणाकडं बघतपण नाय. मी बाहेर येऊन बसमध्ये चढले, की टोपली उचलतात."

सकाळी ते निघायच्या आधी मी त्यांच्या टोपलीत मीठ-तिखटाची पुडी ठेवते. त्यांनी मागितली नाय. पण मिठाबिगर काकडी कोण खाणार?