पंचांचे मासे

आमच्या कोपरीच्या बिल्डिंगमध्ये तळमजल्यावर राहणारे तावडे पंच दर रविवारी सकाळी बाजारातून मासे आणत, ते आमच्या दारात देत आणि स्वतः घरी जाऊन मेथीची भाजी खात. त्यांना मासे सोसत नसत. एक बोंबील पोटात गेला तरी अंगभर गांध्या उठायच्या. तरी त्यांचा एक रविवार चुकला नाही. आईने पहिल्यांदा पैसे पुढे केले तेव्हा त्यांनी तळहात दाखवून तिला जागच्या जागी थांबवलं.

"शेजाऱ्याने शेजाऱ्याला मासे देऊ नयेत, असा नियम दाखवा."

नियम कोणालाच दाखवता आला नाही आणि आम्ही वर्षानुवर्षं फुकटचे बांगडे खाल्ले.

"नियम दाखवा" हे त्यांचं पालुपद होतं. जिल्ह्यातल्या कबड्डी सामन्यांना ते पंच म्हणून उभे राहत आणि मैदान सोडून घरी आले तरी त्यांचं पंचपण काही उतरत नसे. पायजम्याच्या खिशात शिट्टी कायम असायची. नळावर दोन बायकांची जुंपली की शिट्टी. गणपतीच्या आरतीत कोणी घाईने कडवं गाळलं की शिट्टी. माझ्या मामेभावाच्या लग्नात शेवटचं मंगलाष्टक पुरतं संपायच्या आत अंतरपाट खाली आला, तेव्हाही हॉलच्या मागून शिट्टी आली. भटजींनी दचकून अंतरपाट परत वर धरला.

माणूस बोलायचा कमी, हातवारेच जास्त. लग्न केलेलं नव्हतं. सामन्याच्या दिवशी चहासुद्धा खेळाडूंपासून लांब उभं राहून प्यायचे. पंचाने खेळाडूंशी बोलू नये, हे त्यांचं व्रत होतं.

नव्वदच्या आसपास मी ठाण्याला एका ऑफिसात टायपिस्ट होते आणि जेवणाच्या सुट्टीत चोरून कादंबरी लिहीत होते. कबड्डीपटूची प्रेमकथा. अजिंक्य ठाण्याच्या संघाचा, रेवा डोंबिवलीच्या प्रशिक्षकाची मुलगी. खेळातलं काही चुकू नये म्हणून बाड पंचांना वाचायला दिलं. आठवड्याने त्यांनी मला खाली बोलावलं आणि उजवा हात वर करून निकाल दिला.

"कबड्डी पास. प्रेम बाद."

"का हो काका?"

"अगं नंदा, हा रेवाचा बाप लग्नाला नाही का म्हणतो?"

"त्याने शपथ घेतलीय ना. ठाण्याच्या खेळाडूला मुलगी द्यायची नाही. दोन्ही संघांचं वैर आहे."

"कसलं वैर? माझी सख्खी बहीण डोंबिवलीत दिलीय. मध्ये मुंब्रा आणि दिवा सोडलं तर आहे काय? आणि ही दोघं त्या शपथेपायी अर्धी कादंबरी रडतात. तोंड उघडून बापाला विचारत का नाहीत? प्रेमात पडलेल्यांनी बोलू नये, असा नियम दाखव मला!"

मला भलताच राग आला. ती शपथ लिहिताना मी स्वतः रडले होते.

"आडकाठी नसली तर कादंबरी होणार कशी?" मी म्हटलं. "कोणी आडवं आलेलं नसताना माणूस उगीच गप्प बसतो का?"

पंचांनी शिट्टी ओठांपर्यंत नेली होती. ती त्यांनी खाली घेतली.

"बसतो," ते म्हणाले.

मग तुकड्या-तुकड्याने सांगू लागले. तरुणपणी कोळीवाड्याच्या मुलींच्या संघाची कॅप्टन होती हौसा. चढाईला निघाली की प्रेक्षक उभे राहायचे. एका फायनलला शेवटची चढाई तिची होती. गडी टिपून परत फिरताना तिचा पाय बाजूच्या रेषेजवळ पडला आणि पंचांनी तिला बाद दिलं. कोळीवाडा हरला.

"पाय लागला होता?"

"तसं दिसलं मला. पण नंदा, ती मला आवडायची. लोक म्हणतील पंच तिच्या बाजूने देतो, या भीतीने तर मी बाद दिलं नसेल? आजतागायत कळलेलं नाही."

"मग तिला विचारायचं होतं."

"पंचाने खेळाडूशी बोलू नये."

"काका, ती आता खेळते का?"

"नाही. नवरा गेला, मुलगा कामाला लागला. बाजारात मासे विकते."

आमचे बांगडे कुठून येत होते ते मला तेव्हा कळलं. दर रविवारी हा माणूस तिच्यासमोर जाऊन बोटाने मासळी दाखवायचा आणि एक शब्द न बोलता परत यायचा. मला इतकं भरून आलं की कादंबरीचा राग कुठल्या कुठे गेला.

"काका," मी म्हटलं, "नियम दाखवा."

पुढच्या रविवारी त्यांनी वाटेतून पळ काढू नये म्हणून पिशवी घेऊन मीच बरोबर गेले. हौसाबाई कोयता परजत बसली होती. पंच समोर उभे राहिले, पण बोट काही वर होईना.

"काय पंच, आज बोट नाय दाखवलंत?"

"त्या फायनलला..." पंच म्हणाले. "तुमचा पाय..."

हौसाबाईने कोयता खाली ठेवला.

"लागलेला. टाच रेषेभायेर गेलेली. मना तवाच ठावं होतं. पोरी तुमाला शिव्या घालीत होत्या, मी गप ऱ्हायले." मग तिने पंचांकडे नीट पाहिलं. "येवढंच इचारायचं होतं? इतकी वर्सं?"

पंचांचा हात सवयीने वर गेला. तो त्यांनी खिशात घातला.

"नाही," ते म्हणाले. "एवढंच नाही."

हौसाबाईने शेजारचा रिकामा खोका पदराने पुसला आणि पुढे सरकवला.

"मंग बसा."

मी रिकामी पिशवी घेऊन घरी आले. कादंबरीतल्या बापाची शपथ त्याच सकाळी खोडून टाकली. अजिंक्य आणि रेवाला अडून बसायला बापाची काही गरज नव्हती.

दुपारचा एक वाजून गेला तरी पंचांच्या दाराला कुलूपच होतं. त्या रविवारी आमच्याकडे पिठलं होतं. बाबा ताटाकडे बघून कुरकुरले, "पंच आले नाहीत वाटतं अजून?"

"नाही," मी म्हटलं आणि त्यांना आणखी थोडं पिठलं वाढलं.