तांदळे सरांचे गुडघे

आमचे तांदळे सर मटणाच्या दुकानात जात, पण मटण कधी घेत नसत. "गुडघा द्या, अख्खा. फोडू नका," म्हणत. रशीदभाई खाटकांना वाटायचं, सरांच्या घरी पायाचं सूप लई चालतं. सर पक्के शाकाहारी होते.

तो गुडघा लातुरातल्या आमच्या क्लासमध्ये यायचा. डॉक्टर व्हायला उमरी-चाकूरहून आलेली पोरं दाटीवाटीनं बसलेली असत. सर बोकडाचा सांधा उघडून हाडांच्या टोकांवरची पांढरी, चकचकीत कूर्चा दाखवत. "बोट फिरवा. बर्फावर बर्फ बी एवढा घसरत न्हाई." माळकरी घरातल्या पोरी डोळे मिटून बोट फिरवत. एक पालक तक्रार घेऊन आले, तर सर म्हणाले, "असले दोन तुमच्या पोरीला बी हायेत, साहेब. तिला घरीच ठेवता का?"

मी तिथं फिजिक्स शिकवायचो, त्यामुळं मला जास्तच ऐकावं लागे. "तुमच्या बेअरिंगला ग्रीस लागतं. हा स्पंज हाय. वजन पडलं की आतलं पाणीच भार उचलतं. एका जागी दाबून ठेवलं की ते निथळतं, चाललं की परत आत शिरतं."

इथवर ठीक होतं. पण एक दिवस सरांनी स्टाफरूममधल्या सगळ्या खुर्च्या गच्चीवर नेऊन ठेवल्या. "कूर्चेला रक्त मिळत न्हाई. तुम्ही हाललात तरच तिच्या पोटात काही जातं. बसून बसून तिला उपाशी मारताय." आम्ही उभ्यानं डबे खाल्ले. संचालक आले, खुर्ची शोधली आणि शेवटी उभ्याउभ्याच सरांना झापलं. झापून घेतानाही सर जागच्या जागी गुडघे हलवत होते.

एका रविवारी ते मला गावी घेऊन गेले. जुनं गाव भूकंपात गेलेलं, नव्या वसाहतीत सिमेंटचं घर मिळालेलं. त्यांची आई मात्र छताखाली जायला तयार नव्हती. दिवसभर अंगणात बाजेवर बसून तिचे गुडघे आखडले होते.

सरांनी चपला काढल्या, तिचे दोन्ही हात धरले आणि स्वतः उलटं चालत तिला अंगणात फिरवायला लागले. आता व्याख्यान सुरू होणार, असं मला वाटलं. सर फक्त तिची पावलं बघत होते.

"दत्ता, लई वाळलास रे," आई म्हणाली.

सरांचं नाव विश्वनाथ. दत्ता त्यांचा धाकटा भाऊ, भूकंपात गेलेला.

"हाव," सर म्हणाले. "खानावळीचं जेवण हाय ना."

"आन् इसू कुठं हाय? येतच न्हाई त्यो."

सर थांबले. "लातूरला मास्तर झालाय, आई. सवड न्हाई त्याला."

"त्याला म्हनावं, आईनं इचारलंय."

"सांगतो की," सर म्हणाले, आणि तिचे हात नीट धरून पुन्हा उलटं चालायला लागले.