बेचाळीस किलोचा भाडेकरू

फिटरकाकांनी मला विचारलेला पहिला प्रश्न होता, "वजन किती?"

मी खोली बघायला गेलो होतो. त्याआधीच्या आठ दिवसांत परभणीतली अकरा दारं वाजवून झाली होती आणि सगळीकडे प्रश्नांचा क्रम ठरलेला होता. आधी नाव, मग गाव, मग आडनाव. आडनाव सांगितलं की खोली नुकतीच कुणाला तरी दिलेली असायची. नामांतराचा वाद तेव्हा ऐन भरात होता. माझं आडनाव ऐकलं की लोकांना आधी मोर्चा दिसायचा आणि त्याच्यामागे कुठेतरी मी. माझं गाव चुडाव्याजवळ. आमच्या घरात माझ्याआधी कुणी कॉलेजचं तोंड पाहिलेलं नव्हतं, त्यामुळे घरमालकासमोर काय बोलायचं ते मी पाठ करून जायचो. वजनाचं उत्तर मात्र पाठ केलेलं नव्हतं.

"माहीत नाही," मी म्हणालो.

"स्वतःचं वजन माहीत न्हाई, अन् बी.ए. करायलाय?"

अंगणात कापूस मोजायचा एक जुना काटा होता. काका जिनिंगमध्ये फिटर होते. तिथून मोडीत निघालेला हा काटा त्यांनी घरी आणून ठेवला होता. त्यांनी मला पत्र्याची ट्रंक खाली ठेवायला लावली, चपला काढायला लावल्या आणि काट्यावर उभं केलं. चष्मा कपाळावर नेऊन ते दांडीवरचं वजन नखानं इकडे तिकडे सरकवत राहिले.

"बेचाळीस," ते म्हणाले. त्यांचा चेहरा एकदम उजळला. "उद्याच ये राहायला."

घरातून एका बाईचा आवाज आला, "मिळालं का मापाचं?"

"मिळालं!" काका ओरडले.

मला वाटलं, नटबोल्टाबद्दल बोलतायत.

काकांचं आडनाव गल्लीत कुणाला ठाऊक असल्याचं मला दिसलं नाही. दारावर खडूनं नुसतं 'फिटर' लिहिलेलं. मीही कधी विचारलं नाही. त्यांनी माझं विचारलं नव्हतं, मग आपण कशाला विचारायचं? एकदा गावात बंद होता, रस्त्यावर काचा पडलेल्या, आणि समोरचे गुरुजी आवाज खाली आणून काकांना म्हणाले, "फिटर, घरात कुणाला ठेवलंय ते माहीत हाय ना?"

मी खोलीत दाराआड उभा होतो. काका मोटारसायकलच्या चाकात डोकं घालून बसलेले. मान वर न करता म्हणाले, "हाय की. बेचाळीस किलो."

"तसं न्हाई हो. म्हंजे कोण, कुठला..."

"चपला काढून मोजलंय," काका म्हणाले.

गुरुजी निघून गेले. मी पुस्तक उघडून बसलो.

आता त्या मोटारसायकलबद्दल सांगायला हवं. ती इटलीची होती. हैदराबादेत एका जहागीरदाराच्या मुलानं शर्यतीच्या हौसेनं आणलेली, पुढे हात बदलत जिनिंगमालकाच्या मुलाकडे आली, आणि तो तिच्यावरून पडल्यावर बारदानाखाली गेली. मालकानं काकांना सांगितलं, घेऊन जा, नजरेसमोर नको. टाकीवरची अक्षरं पुसून गेली होती. गल्लीत तिला नुसतं 'इटली' म्हणत. दबा धरून बसलेल्या मांजरीसारखी ती दिसायची. हॅंडल खाली, सीट कडक, स्प्रिंगा त्याहून कडक. पळण्यासाठीच जन्मलेली गाडी.

आणि काका तिला पळू देत नव्हते. बैलगाडीनं मागून हॉर्न वाजवावा अशा बेतानं ते ती चालवत. त्यांचा सगळा जीव इंजिन सोडून चाकांवर आणि शॉकअपवर. हॅंडल त्यांनी कधीच वर घेतलं होतं. मागच्या स्प्रिंगा काढून जिनिंगमधल्या तारेच्या नव्या, मऊ स्प्रिंगा स्वतः वळल्या होत्या. पुढच्या चाकाच्या चिमट्यातल्या शॉकअपमध्ये कुठलं तेल घालावं यावर तर दोन वर्षं प्रयोग चालले होते. पातळ घातलं की गाडी नाचायची, घट्ट घातलं की हटून बसायची. शेवटी एरंडेलावर आले.

"मला पाजायचं एरंडेल सवतीला पाजलं बाई," घरातून काकू म्हणाल्या.

गाडीला काकू सवतच म्हणत. "सवत उठली का?" "सवतीची अंघोळ झाली का?" काकू मधल्या खोलीत पलंगावर असायच्या. त्यांना कमरेचं दुखणं आहे एवढंच मला माहीत होतं. मध्ये पडदा. मी भिडस्त, त्यामुळे कितीतरी महिने काकू म्हणजे माझ्यासाठी एक आवाजच होता.

काका चाकाच्या तारा चमच्यानं वाजवून बघायचे. एकेक तार, टिंग, टिंग. "ही रडायली," म्हणायचे आणि पाव फेरा सैल करायचे. "ही ओरडायली." एखादी तार थप्प वाजली की मात्र त्यांचा चेहरा गंभीर व्हायचा. "ही गप बसलीय. गप बसलेली तार लय वाईट. रडणारीचं कळतं तरी. ही वरून साळसूद दिसती, अन् एक दिवस आख्खं चाक घेऊन खाली बसती."

खोली मला वजनावर का मिळाली ते पहिल्याच रविवारी कळलं. मला मागच्या सीटवर बसवून त्यांनी सीट किती दबली ते बोटांनी मोजलं. माणूस बसला की मागचा भाग तीन बोटं बसायला हवा. दोन बसला तर स्प्रिंग कडक, चार बसला तर ढिली. मग माझ्या हातात काठोकाठ पाण्यानं भरलेला पितळी पेला दिला, आणि आम्ही पेडगावच्या रस्त्याला लागलो. पेडगावच्या पुढे कच्ची वाट होती. त्या वाटेवर एक नाला लागायचा. नाल्याच्या अलीकडे, बाभळीपाशी काका दर वेळी थांबायचे, पलीकडे जरा वेळ बघायचे आणि गाडी वळवायचे.

"कुठं लागलं?" घरी आल्यावर ते विचारायचे. "कंबर? मान? दात?"

"नाही लागलं, काका. बरं होतं."

"बरं म्हंजे काय? बरं हा काही अवयव हाय का?"

खरं तर लागायचं. बाभळीच्या अलीकडच्या चाकोरीत तर कमरेत कळ यायची. पण अकरा दारं फिरून मिळालेली खोली होती. ज्यांनी आडनाव न विचारता घरात घेतलं, त्यांच्या गाडीला नाव कसं ठेवायचं? पाणीही सुरुवातीला सांडायचं. मग हळूहळू माझा हात तयार झाला. गाडी उसळली की मी कोपर सैल सोडायचो, पेला हवेत तरंगवत ठेवायचो. पेला भरलेला बघून काकांना इतका आनंद व्हायचा, की मला आपण चांगलंच करतोय असं वाटायचं.

"एवढा त्रास कशाला? ज्वारीचं पोतं बांधा की मागं," एकदा गुरुजी म्हणाले.

"पोतं बोलत न्हाई," काका म्हणाले. "हा बोलतो."

ते ऐकून माझे कान तापले. तरीही पुढच्या रविवारी मी पुन्हा 'बरं होतं' म्हणालो.

दुसऱ्या वर्षी एक विचित्र गोष्ट सुरू झाली. दिवाळीहून आलो तर काट्यावर चव्वेचाळीस भरलो. काका लहान मुलासारखे रुसले. "मला चाळीस पाहिजे," म्हणाले. त्यांनी मला खिशातलं पेन, कमरेचा पट्टा, सगळं काढायला लावलं. रात्रीची अर्धी भाकरी सोडून दोन महिन्यांत कसाबसा चाळीसवर आलो, तर फेब्रुवारीत म्हणाले, "अडतीस." आवाज नेहमीसारखा नव्हता. माझ्याकडे न बघता बोलले.

मी सकाळची भाकरी सोडली. आज सांगताना वेडेपणा वाटतो, पण त्या घराचे उपकार फेडायचा मला दुसरा मार्ग सुचत नव्हता.

तिसऱ्या दिवशी पडद्याआडून हाक आली, "इकडं ये रे लेकरा."

काकूंना मी पहिल्यांदा नीट पाहिलं. पलंगावर पातळाची घडी ठेवावी एवढीच जागा त्यांनी व्यापली होती. डोळे मात्र आवाजासारखेच, खोडकर.

"भाकरी का खाईना गेलास?"

"काकांनी अडतीस सांगितलंय."

त्या हसायला लागल्या. हसताना कंबर दुखली असावी, कारण पलंगाची कड धरली.

"अरे येड्या, अडतीस माझं हाय. मागच्या आठवड्यात दवाखान्यात काट्यावर उभं केलं होतं मला. तू आलास तवा मी बेचाळीस होते."

मी खाली फरशीवर बसलो.

मग त्यांनी सांगितलं. बारा वर्षांपूर्वी नवीनच मिळालेली गाडी दाखवायला काका त्यांना मागे बसवून माहेरी घेऊन निघाले होते. माहेर म्हणजे पेडगावच्या पुढे, नाल्यापलीकडचं गाव. सासरवाडीचे लोक बघतायत म्हणून काकांनी नाल्यात जोर मारला. काकू मागच्या मागे उडाल्या. तेव्हापासून कंबर गेली. डॉक्टर म्हणाले, हादरा बसता कामा नये. रेल्वे पेडगावपर्यंत नेईल, पण पुढे बैलगाडीच.

"माझी आई हाय तिकडं. तिला आता तिथनं हलवता येत न्हाई, अन् मला इथनं. एकदा बघायचीय मला ती. हे म्हणले, ज्या गाडीनं पाडलं तीच घेऊन जाईन, लोण्यावरून न्यावं तशी." त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "पुढच्या रविवारी जायाचं ठरलंय. तू सांगितलंस ना, कुठंच लागत न्हाई म्हणून."

मी अंगणात गेलो. काका चाक फिरवून रिंग बघत होते.

"काका, लागतं," मी म्हणालो.

"काय?"

"बाभळीच्या अलीकडं कमरेत लागतं. पुलाच्या चढाला मानेत. पेडगावच्या वळणावर दात वाजतात. सगळीकडंच लागतं. अन् पाणी सांडत नव्हतं ते गाडीमुळं नाही, मी हातानं सांभाळत होतो."

चाक फिरता फिरता थांबलं. मला वाटलं, ट्रंक भरायला लागणार.

काकांनी हात पुसले. मग म्हणाले, "गप बसलेली तार तू निघालास की रे." आणि खिशातून खडू काढून माझ्या हातात दिला. "भिंतीवर लिही. कुठं कुठं, किती किती. एकबी सोडू नको."

मी लिहिलं. रविवार पुढे ढकलला. सहा आठवडे गाडी उघडी पडून होती. स्प्रिंगा नव्यानं वळल्या, एरंडेलात पातळ तेल मिसळलं, सगळ्या तारा सोडून पुन्हा ओढल्या. पेला आता माझ्या हातात नव्हता, सीटला पाटी बांधून तिच्यावर ठेवलेला होता. मी बोललो की काका ऐकायचे. मी आयुष्यात एवढा तक्रारखोर कधीच नव्हतो. शेवटी एका रविवारी आम्ही नाला ओलांडला. पलीकडे गेल्यावर काकांनी गाडी बंद केली आणि उगाचच चष्मा पुसत बसले.

काकू निघाल्या त्या सकाळी गल्ली दारात उभी होती. गुरुजींनी स्वतः धरून त्यांना सीटवर बसवलं. खाली दोन उशा, पाठीला वाकळ, काकांच्या कमरेला आणि त्यांच्या कमरेला मिळून एक धोतर बांधलेलं.

"बसवलंत बाई सवतीच्या मांडीवर," काकू म्हणाल्या. हातात तो पितळी पेला होता, रिकामा.

काकांनी खाली वाकून सीट मोजली. तीन बोटं. मग ते जे निघाले, ते गल्लीच्या टोकापर्यंत जायला त्यांना इतका वेळ लागला की मध्ये कुणीतरी चहा पिऊन आलं.

दिवस कलायच्या आत ते परत आले. काकूंचा चेहरा पांढरा पडला होता, पण डोळे तसेच. पेल्यात अर्धं पाणी.

"माहेरच्या विहिरीचं हाय," त्या म्हणाल्या. "भरून घेतलं होतं. सवत अजून नाचती थोडी."

"आई भेटली?" मी विचारलं.

"भेटली. म्हणली, किती वाळलीस गं. म्हणलं, मुद्दाम वाळलेय, गाडीचं माप तसं हाय." त्यांनी पेला माझ्यापुढे केला. "घोटभर पी."

काका धोतराची गाठ सोडत होते. ती सुटेना. माझ्याकडे न बघता म्हणाले, "तू आता पोटभर जेवत जा."

त्याच उन्हाळ्यात काकू गेल्या. इटली पुन्हा बारदानाखाली गेली. काट्यावर कोंबड्या बसायला लागल्या. काका कामावर जात, येत, माझ्याशी दोन शब्द बोलत. वजन त्यांनी पुन्हा कधी विचारलं नाही.

पुढच्या वर्षी मी बी.ए. झालो. पुढच्या शिक्षणाला औरंगाबादला निघालो, ज्या विद्यापीठाच्या नावापायी मला खोली मिळत नव्हती त्याच विद्यापीठात. ट्रंक घेऊन नमस्कार करायला अंगणात आलो तर इटली दारात उभी, धुतलेली.

"वजन किती?" काकांनी विचारलं.

"माहीत नाही," मी म्हणालो. काकू गेल्यापासून मोजलंच नव्हतं.

"बस."

मी बसलो. सीट चांगली पाच बोटं खाली गेली. काकांनी पाना घेतला, मागे उकिडवे बसले आणि इतक्या वर्षांत ज्या स्प्रिंगा मऊ करत आणल्या होत्या, त्या एकेक फेरा आवळायला लागले. आवळायचे, बोटं लावायचे, पुन्हा आवळायचे. तीन बोटं भरेपर्यंत. मग वर आणखी दोन फेरे.

रेल्वेच्या वेळेची भीती होती. काहीतरी बोलायचं म्हणून विचारलं, "चपला काढू का? ट्रंक रिक्षानं नेतो."

"नको," काका म्हणाले. "ट्रंक घे मांडीवर. तिच्यासकट धरलंय मी. जसा हायस तसा बस."