साहेबापुढे कसं उभं राहावं

कल्याणात प्लेगची कचेरी उघडली आणि तिथे एक कारकून हवाय असं कानावर आलं, तेव्हाच मी घरात सांगून टाकलं की ती जागा आपलीच. माझं अक्षर सुंदर, मोडी येते, थोडकं इंग्रजीही येतं. प्रश्न राहिला तो गोऱ्या साहेबापुढे उभं राहण्याचा. त्यासाठी माझ्याकडे लिओ होता.

लिओ ठाण्याचा, एका गोऱ्या इंजिनियराच्या बंगल्यावर बटलर. रविवारी चर्च आटोपून तो मुद्दाम आमच्याकडे आला आणि मला अंगणात उभं केलं.

"महिपत, हात बघ तुझे. पोटावर बांधलेस. साहेबाला वाटेल, काहीतरी चोरून लपवतोय."

"मग कुठे ठेवू?"

"बाजूला सोड. पण अंगाला चिकटवू नको रे, मधून वारा गेला पाहिजे. माझा साहेब तसाच उभा राहतो."

त्याचा साहेब इतका लठ्ठ होता की त्याचे हात अंगाला चिकटणं शक्यच नव्हतं, हे मला फार उशिरा कळलं.

"आता मान," लिओ म्हणाला. "आपण हो म्हणताना मान डुलवतो, ते साहेबाला 'नाही' असं वाटतं. तेव्हा हलवूच नको. नजर त्याच्या डोळ्यांत. पापणी लवली की माणूस खोटा."

"आणि बोलायचं काय?"

"येस सर. दुसरं काही नाही."

मी लगेच सराव सुरू केला. मान ताठ ठेवून जेवायला बसलो, तर आमटी धोतरावर आणि भात पाटाखाली. आमचं कुटुंब हे सगळं बघत होतं. मुलाखतीचे डावपेच मी तिला सांगितले नव्हते.

"अहो, मान धरलीय का?"

मी मान न हलवता नाही म्हणालो. ते तिला काही पटलं नाही. सकाळी मी कोटाची बटणं लावत असताना तिने फडक्यात गुंडाळलेली तापलेली वीट मागून माझ्या मानेवर ठेवली. शेक द्यायचा तिचा हेतू चांगला होता, वीट जरा जास्त तापली होती इतकंच. मानेची एक बाजू टोमॅटोसारखी लाल होऊन सुजली. आता ती मी मनात आणलं असतं तरी हलली नसती. शुभशकुन मानून मी निघालो.

कचेरीच्या ओट्यावर शेजारच्या आळीतला राघो बसला होता. त्यालाही तीच जागा हवी होती. पोक काढून, दोन्ही हात जोडून, डोकं खाजवत बसलेला. मला त्याची कीव आली.

आत आधी मला बोलावलं. टेबलामागे डॉक्टर साहेब, शेजारी त्याचा मदतनीस. मी ताठ मानेने, हात पसरून, बगळ्यासारखा उभा राहिलो आणि साहेबाच्या डोळ्यांत डोळे घातले. पापणी लवू द्यायची नव्हती, त्यामुळे डोळे लाल होऊन घळघळा वाहायला लागले.

साहेबाने हातातली लेखणी खाली ठेवली.

"टुमचा मान डुखटे?"

दुखत तर होतीच. "येस सर."

"हाट खाली येट नाय?"

"येस सर."

"घरी आनखी कोन असा आहे?"

घरच्यांची विचारपूस म्हणजे नोकरी मिळालीच, असं मी समजलो. "येस सर. माय वाइफ, सर."

साहेबाने नाकाला रुमाल लावला आणि मागे सरकला. नजर तुटू नये म्हणून मी पुढे सरकलो. तो टेबलाला वळसा घालून गेला, मीही वळसा घातला. दुसऱ्या वळशाला मदतनिसाने खिडकीतून बाहेर उडी टाकली. शेवटी दोन शिपायांनी लांब बांबूंनी रेटत मला ओट्यावर काढलं. साहेबाने खिडकीतूनच राघोकडे पाहिलं, तो हालचाल करतोय एवढं बघून त्याला नोकरीवर घेतलं, आणि राघोचं पहिलं काम म्हणजे माझं नाव प्लेगच्या संशयितांच्या यादीत घालणं.

संध्याकाळपर्यंत माझी रवानगी गावाबाहेरच्या प्लेगच्या छावणीत झाली. थोड्या वेळाने आमचं कुटुंबही आलं. बायकांच्या आणि पुरुषांच्या झोपड्यांमध्ये बांबूची तट्टी होती. तिच्याआडून आवाज आला.

"अहो, आपल्या घरावरची कौलं उतरवली. आत चुना ओतला. तुम्ही केलंत तरी काय?"

"साहेबापुढे नीट उभा राहिलो."

मग मला सगळं सांगावं लागलं.

"त्या लिओला एकदा जेवायला बोलवा," ती म्हणाली.

तिचा सूर ऐकून मी ते आमंत्रण धाडलं नाही.

खरं सांगतो, हसण्यासारखं तिथे काही नव्हतं. पलीकडच्या झोपड्यांत खरोखर तापाने फणफणलेली माणसं होती. प्लेगची गाठ उठली का म्हणून मी दिवसातून कितीदा तरी काख चाचपायचो. तट्टीपलीकडून ती विचारायची, "आहे का काही?" मी म्हणायचो, "नाही गं." मग दोघंही निजायचो.

पुष्कळ दिवस गेले तरी ताप आला नाही, गाठ आली नाही. डॉक्टर साहेब स्वतः बघायला आला. मी हात जोडून, मान खाली घालून घडलं ते सगळं सांगितलं. लिओ, वीट, सगळं. साहेब झोपडीच्या खांबाला धरून हसला. मग म्हणाला, "टसा उभा राहून डाखव."

मी दाखवलं. त्याने तिथल्या तिथे सगळ्या मदतनिसांना गोळा केलं आणि मला गोल फिरवून दाखवलं. प्लेगचा माणूस नेमका असाच उभा राहतो, म्हणे. असा नमुना त्याला मिळत नव्हता, कारण खऱ्या रोग्याजवळ जाऊन शिकायला नवी माणसं घाबरायची.

अशा रीतीने मला नोकरी लागली. आमच्या घरावर कौलं पुन्हा चढली. आमचं कुटुंब विहिरीवर सगळ्या बायकांना सांगतं, "आमचे हे प्लेगच्या कचेरीत नव्या लोकांना शिकवतात."

ते अगदी खरं आहे. फक्त शिकवताना मी कमरेपर्यंत उघडा असतो, आणि ते गाठ शोधायला चाचपतात तेव्हा मला काखेत गुदगुल्या फार होतात.